फुवामुलाहचा डाइव्ह लॉग : टायगर झाले, थ्रेशरही दिसला

परत मालदीव, पण यावेळी अगदी खाली, विषुववृत्ताच्याही थोडं दक्षिणेला, फुवामुलाहला. इथे अख्खा अटोल (प्रवाळ बेटांचं कडं) म्हणजे एकच बेट, बाकी अटोलसारखं मोठं लगून (आतलं उथळ पाणी) वगैरे नाही, रीफ संपली की समुद्र एकदम खोल जातो आणि म्हणूनच मोठी मंडळी, म्हणजे शार्क, एवढी काठाशी येतात.

टायगर हार्बर या डाइव्हच्या जागी खोली फार नाही, दहा मीटरच्या आसपास. बंदरात मासळी साफ करून उरलेलं पाण्यात जातं, त्या वासाला टायगर शार्क सरावलेत, वर गाइड लोक ट्यूनाची मुंडकी दगडाखाली दाबून ठेवतात. हे खायला घालणं मला पूर्ण पटलेलं नाहीये, पण 2010 मध्ये मालदीवने शार्क मारायला बंदी घातली आणि जिवंत शार्कवर गावात चार पैसे येतायत हेही खरं, त्यामुळे वाद घालायला मी जात नाही.

आता प्रोग्रेस. मी शिकलो तारकर्लीला, तिथे गढूळ दिवशी बडीची (डाइव्हमधल्या जोडीदाराची) फिन दिसली तरी खूश व्हायचं, इथे तीसेक मीटर व्हिजिबिलिटी आणि त्यात मास्कमधून सगळं तिसऱ्या हिश्श्याने मोठं आणि अजून जवळ दिसतं, त्यामुळे चार मीटरची मादी (इथे बहुतेक माद्याच) लांब असतानाच अंगावर आल्यासारखी वाटते आणि श्वास वाढतो. यावेळी वजन मुद्दाम थोडं जास्त घेतलं म्हणजे लाटेच्या ओढीने उचललो जात नाही, तळाशी रांगेत बसायचं, काळे हातमोजे, हात छातीशी, नजर शार्कवर. सिलिंडरमधली हवा पण पुरतेय, आधी जेवढ्या वेळात 60 बार दाबावर यायचो तेवढ्यात आता 90 उरतात. पण खरा फरक नजरेत पडलाय. समोरून येणारी सगळ्यांनाच दिसते हो, मागून रीफला लागून गुपचूप येणारी शोधायची असते, म्हणून बडी डावीकडे बघतो, मी उजवीकडे, आणि कॅमेरा सरळ बोटीवर ठेवला. फोटो नाहीत, चालेल.

थ्रेशर शार्कसाठी पहाटे उठावं लागतं, झोप गेली वाया असं अजिबात नाही. सिलिंडरमध्ये नायट्रॉक्स 32 (32 टक्के ऑक्सिजनची हवा, खोलवर तोच ऑक्सिजन घातक) असल्यामुळे 33 मीटरच्या खाली जायचं नाही म्हणून कडेला वरच थांबलो, एकच आला, मोठाले डोळे आणि निम्मी लांबी नुसती शेपटीची, वळला आणि गेला, सगळं मिळून अर्धा मिनिटही नसेल.

हॅमरहेड शार्क बघायला अजून गेलो नाही. तिथे भिंत सोडून निळ्यात लटकायचं असतं, खाली तळ नाही की बाजूला काही नाही, आणि तसं असलं की माझी खोली अजून दोन-तीन मीटर वरखाली होते, कॉम्प्युटरवरून नजर हलवता येत नाही. आधी सेफ्टी स्टॉप (वर येताना घ्यायचा थांबा) दोरी न धरता करायची सवय करतोय, एसएमबी (बोटीला जागा दाखवणारा फुगा) सोडता सोडता पाच मीटरवर टिकलो की मग हॅमरहेडचं नाव घेईन.