अल्पाकांची लोकर कातरताना : आधीच्या तयारीचा माझा अनुभव

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात आमचं छोटं शेत आहे. इथे अल्पाकांची (उंटाच्या कुळातलं, लोकरीसाठी पाळलं जाणारं जनावर) लोकर वर्षातून एकदाच, कडक उन्हाळ्याच्या आधी, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये कातरतात. कातरणारा बाहेरून येतो, एकेक जनावर दहाएक मिनिटांत उरकतो. बाकी सगळं आपल्या हाती, आणि लोकरीला दर मिळणार की नाही हे तिथेच ठरतं.

सगळ्यात जपायचं ते ओलीपासून. ओली लोकर मशीनला नीट कातरता येत नाही, आणि पिशवीत कोंडली की कुबट वास येऊन बुरशी धरते. पावसानंतर वरची टोकं वाऱ्याने लवकर सुकतात, आत ओल तशीच राहते. म्हणून पाठीवरची लोकर दोन्ही हातांनी फाकवून थेट कातडीपर्यंत बोट लावून बघावं. आदल्या रात्री कळप छपराखालीच हवा. पहाटेचं दवसुद्धा पुरतं दिवस बिघडवायला. शेडमध्ये पेंढा अंथरू नये, काड्या लोकरीत रुततात. अल्पाका धुळीत लोळतात, तेव्हा ते लोळायचे खड्डेही आधीपासून बंद करावेत.

आदल्या संध्याकाळी चारा काढून घेतो, पाणी ठेवतो. भरल्या पोटाने आडवं ताणलं तर जनावराला त्रास होतो, ते ओकतं, लोकरीवरच मुततं. गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना मात्र उपाशी ठेवत नाही. अगदी दिवस भरत आलेली मादी असेल तर तिला या धांदलीत घालूच नये.

क्रम रंगाने लावायचा: आधी पांढरे, मग फिकट बदामी, तपकिरी, शेवटी काळे. पांढऱ्या लोकरीतला एक काळा केससुद्धा रंगवल्यावर उठून दिसतो. दर बदलाला चटई झाडायची.

अल्पाकाला मेंढीसारखं बसवून कातरत नाहीत. पुढचे-मागचे पाय दोरीने दोन्हीकडे ताणून चटईवर निजवतात, कारण कातडी पातळ असते आणि एक लाथ बसली की पातं लागतं. डोक्याशी शांत स्वभावाचा माणूस द्या. तोंडावर जुना मोजा सैलसर चढवायचा, नाकपुड्या मोकळ्या ठेवून. नाहीतर अल्पाका घाबरून थुंकतो आणि हिरवी थुंकी थेट लोकरीवर.

प्रत्येक जनावरामागे तीन पिशव्या: पाठ आणि कुशी, मान, पाय-पोट. पहिलीतली लोकर सर्वांत मोलाची, तीत पायाचे राठ केस मिसळू देऊ नका. पिशव्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या घ्या. खताची विणलेली पोती अजिबात नकोत, त्यांचे सुटलेले धागे लोकरीतून काढता काढता गिरणीवाले हात टेकतात. चिठ्ठीवर नाव, रंग, तारीख. कुशीच्या मध्यावरून तळहाताएवढा नमुना वेगळा काढला की केसाची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) तपासून घेता येते.

जनावर आडवं आहे तोवरच नखं कापून, नराचे सुळे घासून, लस टोचून घेतो. लोकर उतरल्यावर पाठीच्या कण्यावर हात फिरवावा. हाडं टोचली तर दाट लोकरीखाली झाकलेलं रोडपण आता कळतं. अशांना वेगळा चारा, आणि गार पाऊस आला तर पहिले काही दिवस सगळ्यांनाच शेड.