उष्णता म्हणून गुलकंद खाल्ला, त्याची गोष्ट

सुरुवात मिसळीनं झाली. नेहमीचं दुकान, तर्रीही नेहमीचीच, पण पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. घरी येऊन आरशात पाहिलं तर ओठांचे दोन्ही कोपरे फाटलेले आणि जीभ लालभडक.

"उष्णता झालीय तुम्हाला," बायकोनं निकाल दिला. मग आपल्याकडे जे जे करतात ते सगळं झालं. जाईचा पाला चघळला, कोपऱ्यांना तूप लावलं, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणल्या. वर सकाळ-संध्याकाळ चमचाभर गुलकंद. मधुमेह मला अकरा वर्षांपासून आहे. पण गुलकंद म्हणजे औषध, ते साखरेत कोण धरतं? महिन्यात एक बरणी संपली, दुसरी फोडली. इकडे तोंड इतकं कोरडं पडायला लागलं, की भाकरीचा घास ताकाच्या घोटाशिवाय उतरेना.

शेवटी दातांच्या दवाखान्यात गेलो, तेही कवळी टोचते असं वाटून. कवळी काढली तर टाळूवर तिच्याच आकाराचा लाल शिक्का! डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी बोटाला गॉज गुंडाळून गालाच्या आतून फिरवलं. दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर निघून आला, खाली लाल कातडी, किंचित रक्त.

"पुसलं गेलं ते बरं झालं. न निघणारा पांढरा चट्टा असता तर वेगळी तपासणी करावी लागली असती. तंबाखू?"

"नाही."

"काका, शुगर शेवटची कधी तपासली?"

दिवाळीच्या आधी. आणि आता आषाढ लागला होता.

तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ९.८ निघाली. मॅडमनी समजावलं ते असं: ही कॅन्डिडा नावाची बुरशी बऱ्याच जणांच्या तोंडात असतेच, गप्प पडून. रक्तातली साखर वाढली की लाळेतही साखर उतरते, लाळ कमी होते, आणि पांढऱ्या पेशी सुस्तावतात. म्हणजे बुरशीला जेवण मिळतं आणि राखणदार झोपलेला. त्यात मी कवळी रात्रीसुद्धा काढत नव्हतो. गुलकंदाचं सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं. मलाच लाज वाटली.

बुरशीची गोळी त्या लिहिणार होत्या, पण आधी माझी साखरेची चिठ्ठी मागितली. तिच्यात ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी दिसली आणि पेन थांबलं. दोन्ही एकत्र घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते म्हणे. हे विचारायचं मला कधीच सुचलं नसतं. त्याऐवजी क्लोट्रिमाझोलचं माउथ पेंट दिलं, दिवसातून चार वेळा, दोन आठवडे. लावल्यावर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. चहाबाज माणसाला औषधापेक्षा हेच कडू. कवळी रात्री काढून, ब्रशनं घासून वाटीत भिजत ठेवायची. पहिल्या रात्री बोळकं तोंड घेऊन झोपताना उगाच अवघडल्यासारखं झालं.

आठव्या दिवशी जळजळ गेली. ओठांचे कोपरे भरायला मात्र तीन आठवडे लागले. साखरेच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, संध्याकाळचं चालणं मागे लावलं. पुढच्या तपासणीत आकडा ७.६ आला.

गुलकंदाची अर्धी बरणी अजून फडताळात आहे. मुलगा पुण्याहून आला की बायको ती त्याच्यापुढे सरकवते.