तुम्ही विचारलंत म्हणून: ऑनलाइन बातमीला लोक पैसे देतील का?

लग्नात, हळदीकुंकवाला, परवा तर दातांच्या डॉक्टरकडे माझं तोंड उघडं असताना हाच प्रश्न आला, "तुम्ही ऑनलाइन न्यूजमध्ये ना, मग लोक मोबाईलवरच्या बातमीला पैसे देतील का हो?" नाशकात डेस्कवर बसून नऊ वर्षं झाली म्हणून लोकांना वाटतं हिला माहीत असणार. माझं म्हणणं असं की देतील, पण आम्ही सध्या जे विकायला ठेवलंय ते बघता देत नाहीत तेच बरंय.

हे माझ्या डोक्यात बसलं ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांमुळे. काका सातपूरच्या एका कंपनीतून २०१६ ला रिटायर झाले, ईपीएस-९५ ची पेन्शन (खासगी नोकरीवाल्यांची, पीएफ ऑफिसातून येणारी), अडीच हजाराच्या आतच. एका संध्याकाळी त्यांचा स्क्रीनशॉट आला, "पेन्शनधारकांना मोठी खुशखबर!", खाली दोन ओळी, मग पुसट केलेला मजकूर आणि त्यावर कुलूप. सोबत मेसेज, "हे उघडून दे." ऑफिसचं लॉगिन होतं (साइट कुठली ते जाऊ द्या), खाली जाऊन उघडून दिलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाशी धरून वाचलं. किमान पेन्शन २०१४ पासून १००० रुपयेच आहे, संघटना ७५०० मागतायत, आणि "लवकरच निर्णय होण्याची शक्यता असल्याचं सूत्रांनी सांगितलं." संपली बातमी. बैठक कधी, सूत्र कोण, काही नाही. काकांनी स्क्रीन परत वर सरकवली, परत खाली आणली, कुठे काही राहिलं का बघायला, आणि म्हणाले, "अगं, एवढ्यासाठी कुलूप?"

मला काय बोलावं सुचेना, कारण असली हेडिंगं मी स्वतः लिहिलीत, ढिगाने. जाहिरातीचा पैसा हजार व्ह्यूजमागे मोजून मिळतो आणि तोही चिल्लर, त्यामुळे शिफ्टमध्ये पंधरा स्टोऱ्या टाकायच्या, ट्रेंडिंगला काय आहे ते बघून, दुसऱ्याची बातमी उलटीपालटी करून. फोन उचलून कोणाला विचारायला वेळच नसतो. मग एक दिवस मीटिंगमध्ये सांगतात की जाहिरातीवर भागत नाही, आता वाचकाकडून घ्यायचे, आणि कुलूप त्याच मालाला लागतं.

आणि काका कंजूष नाहीयेत हो. पेपरबिल दर महिन्याला देतात (त्या छापील किमतीत छपाईसुद्धा सुटत नाही, बाकीचा भार जाहिरातीवर, हे त्यांना मीच सांगितलं तेव्हा पटलं नाही), केबल आहे, नातवासाठी ओटीटी आहे. आणि पेन्शनरांच्या संघटनेची वर्गणी, ती तर न मागता. का, तर सुप्रीम कोर्टाचा वाढीव पेन्शनचा निकाल आला ४ नोव्हेंबर २०२२ ला, मग ती पेन्शन हवी असणाऱ्यांनी ऑनलाइन अर्ज करायचे, मुदत आधी ३ मे २०२३, मग २६ जून, मग ११ जुलै. त्या काळात संघटनेचे सेक्रेटरी रोज रात्री ग्रुपवर लिहायचे, फॉर्म कुठला, कंपनीची सही कशावर लागते, पीएफमधले किती पैसे व्याजासकट परत भरावे लागतील. काहींना ते लाखांत जात होते. काकांनी वहीत हिशोब मांडला आणि अर्ज केलाच नाही. त्यांच्या आयुष्यातला एवढा मोठा पैशाचा निर्णय, तो व्हॉट्सअॅपच्या मेसेजवर झाला, आमच्या साइटवर तेव्हाही खुशखबरच चालू होती. म्हणजे काका बातमीला पैसे देतातच, फक्त त्याला वर्गणी म्हणतात.

यावर कोणीतरी हमखास न्यूयॉर्क टाइम्स काढतं. खरंय, २०११ ला त्यांनी पेवॉल, म्हणजे हेच कुलूप, लावलं आणि आज त्यांचे पैसे भरणारे एक कोटीच्या वर आहेत, पण त्यात रेसिपी आणि शब्दखेळांसाठी येणारे पण आले, वर्डल त्यांनी २०२२ ला विकत घेतलं ते काय उगाच? आणि त्यांची बातमीदारांची फौज बघा. आपल्याकडे तालुक्याला एक वार्ताहर, मानधनात पेट्रोल सुटत नाही, वर वर्धापनदिनाच्या पुरवणीला जाहिराती पण त्यानेच आणायच्या, मग तो आमदाराविरुद्ध काय लिहिणार? न्यूजलॉन्ड्री या न्यूज साइटवाले जाहिरात न घेता वाचकांच्या पैशावर चालवतात, मराठीत कोणी नीट करून बघितलं तर मला बघायला आवडेल. फुकटची सवय लागलीय हे मान्य, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पेपर दारात येणं बंद झालं तेव्हापासून पीडीएफ फिरतायत त्या अजून फिरतायत. पण पीडीएफ काकांनाही येतात आणि काका त्या न उघडताच डिलीट करतात, मेमरी भरते म्हणून.

गेल्या महिन्यात जिन्यात भेटले. "तुमची साइट महिन्याला किती घेते गं?" म्हटलं ९९, ऑफर चालू आहे. "पीएफ ऑफिसात जाऊन, आमच्या संघटनेतल्यांच्या अर्जांचं काय झालं ते विचारून येईल का तुमच्यातलं कोणी? येणार असेल तर वर्षाचे देतो."

दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये विषय काढला. साहेब म्हणाले, आयडिया चांगलीय, पण किती व्ह्यूज येतील याला? मी म्हटलं, नाही सांगता येणार. काकांना अजून काही कळवलेलं नाही.