एलीयाला आधी भाकर मिळाली

आज उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलमधला इब्री १२ हा अध्याय घेतला, ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्याला तो शिक्षाही करतो. वचन खरंच आहे, पण आपल्याकडे ते ऐकवतात कुणाला तर जो आधीच खचलाय त्याला, हॉस्पिटलच्या बेडवर पडलेल्यालासुद्धा. हल्ली ते कानावर पडलं की मला देवाचा संदेष्टा एलीयाच आठवतो, म्हणून घरी येऊन बायबलमधली त्याची गोष्ट, १ राजे १९, काढून बसले.

कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांवर एवढा मोठा विजय झालेला आणि ईजबेल राणीचा तुला मारते असा एक निरोप येतो काय, हा पळत सुटतो थेट बैर-शेब्याला, तिथून पुढे रानात, एका झुडपाखाली बसून म्हणतो बस झालं देवा, माझा प्राण घे. देवानं दूत पाठवला, आणि त्या दूतानं काही प्रवचन नाही दिलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, ऊठ, खा. खाऊन हा परत झोपला तरी कुणी रागावलं नाही, परत उठवून परत खायला घातलं, वाट लांबची आहे म्हणून. (मरण मात्र दिलं नाही, आणि गंमत म्हणजे शेवटी मेलाच नाही तो, वावटळीतून वर गेला.)

शिस्त लावणं येतं ते नंतर, ४० दिवस चालून होरेबाला, देवाच्या डोंगराला, पोचल्यावर. एलीया, तू इथे काय करतोयस? देवानं एकदा नाही, दोनदा विचारलं. आणि हा दोन्ही वेळा पाठ केल्यासारखं तेच उत्तर देतो, मी एकटाच उरलोय. अरे, १०० संदेष्टे गुहांत लपवलेत हे राजाचा कारभारी ओबद्यानं तुला स्वतः सांगितलं होतं ना, आधीच्याच अध्यायात! पण दुःखात माणसाला असला हिशोब कुठला सुचतोय. देव त्याला खोटं पाडत बसत नाही, काम देतो, आलास तसा परत जा, तीन जणांना अभिषेक कर, आणि जाता जाता सांगतो की बआलापुढे गुडघे न टेकलेले ७००० मी राखून ठेवलेत. मला तर खरी कानउघाडणी हीच वाटते, आणि ती ऐकून तो ओशाळण्यापेक्षा हलकाच जास्त झाला असेल.

त्या तिघांतला एक अलीशा, एलीयाच्या जागी येणारा संदेष्टा. पुढे गिलगालात, बेथेलात, यरीहोत, तिन्ही ठिकाणी एलीया त्याला म्हणतो तू इथेच थांब, आणि हा पठ्ठ्या काही केल्या मागे राहत नाही, म्हणजे आता एकटं राहायचं म्हटलं तरी सोय नाही.