मधली वीत

प्रदर्शनात टेबल मांडलं की दिवसातून चार-पाच जण तरी ड्रेड, म्हणजे केसांत गुंफायची, कृत्रिम केस गुंतवून पिळलेली लांब बट, हातात घेतात, उजेडाकडे धरतात आणि विचारतात, "जांभळा कुठे संपला आणि मोरपंखी कुठे सुरू झाला, कळतच नाही. रंगवता कसे?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी रंगवतच नाही. माझा धागा कानेकालॉन, म्हणजे मोडॅक्रिलिक जातीचा कृत्रिम केस. जपानच्या कानेका कंपनीने तो १९५७ पासून काढायला घेतला. त्याचा रंग धागा बनतानाच आत मुरलेला असतो, नेहमीचा हेअर डाय त्याला धरत नाही. म्हणून घरात ना ब्रश ना बादली. रंगीत लडी, बारीक दातांची स्टीलची फणी आणि कपड्यांचा स्टीमर, एवढाच संसार.

हे शिकले ते मात्र आजीकडून, आणि तिने ड्रेड जन्मात पाहिली नाही. ती चरख्यावर सूत काढायची. हातातला कापसाचा पेळू संपत आला की नवा पेळू घ्यायची, त्याचं टोक चिमटीत धरून हलकेच ओढायची. तंतू विरळ व्हायचे. ते विरळ टोक जुन्याच्या विरळ टोकावर टेकवलं की चाक फिरायला लागायचं. पुढे सुतावरून बोट फिरवून मी जोड शोधायचे. सापडायचा नाही. माझं कामही तेवढंच आहे, फक्त माझ्या पेळूंचे रंग वेगवेगळे.

तर लड दोन्ही हातांत धरायची, ओढून तिचे दोन भाग करायचे, एक भाग दुसऱ्यावर ठेवायचा, पुन्हा ओढायचा. असं दहा-बारा वेळा केलं की कापल्यासारखं सरळ टोक कुंचल्यासारखं निमुळतं होतं. कात्री इथे शत्रू. कात्रीचं टोक जोडात गेलं की तिथे पट्टी मारल्यासारखी रेघ उठते आणि मग कितीही विंचरा, ती जात नाही.

बरेच जण इथेच थांबतात. दोन निमुळती टोकं एकमेकांवर ठेवून पिळायला घेतात आणि सलूनच्या दारात फिरणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या खांबासारखी ड्रेड तयार होते. पीळ काही लपवत नाही, उलट न मिसळलेला झुपका गोल गोल फिरवून चारी बाजूंनी दाखवतो. ते टाळायला मधली लड वेगळी तयार करावी लागते. जांभळा आणि मोरपंखी निम्मे-निम्मे घेऊन ओढ-ठेव, ओढ-ठेव, वीस वेळा तरी. एकही सलग पट्टा दिसेनासा झाला की तिचीही दोन्ही टोकं निमुळती करायची आणि मग ती दोन रंगांच्या मध्ये बसवायची. रंग फारच लांबचे असतील तर तीनास एक आणि एकास तीन अशा आणखी दोन लडी. कंटाळवाणं काम आहे. मी रेडिओ लावते.

मापही आधीच धरावं लागतं. उलटं विंचरून, पिळून, वाफ दिली की ड्रेड आखडते. माझ्या हातात साधारण एक तृतीयांश लांबी जाते. तयार ड्रेडमध्ये वीतभर बदल हवा असेल तर लडीत दीड वीत धरायची. फणी पहिल्यांदा जोडावरच चालवते, कारण तिथे ना गाठ ना गोंद, सगळा भार गुंत्यावर. आणि दुमडून घालायची दुटोकी ड्रेड असेल तर जोड घडीवर येऊ देत नाही. घडी वेणीत ओढली जाते, तिथला जोड आधी सुटतो.

आता माझी फजिती. पहिली मोठी ऑर्डर नारिंगी ते निळा अशी होती. पिंजण चोख झालं होतं, पट्टा एक नव्हता, आणि मधली वीत फरशी पुसलेल्या फडक्याच्या रंगाची! धागे पाण्यातल्या रंगांसारखे विरघळत नाहीत. ते शेजारी शेजारी बसतात, मिसळतो आपला डोळा. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, लांबून तिसराच भास होतो, तसंच हे. नारिंगी आणि निळा समोरासमोरचे रंग, डोळ्यात ते एकमेकांना मारतात. आता मी त्यांना वळसा घालून नेते: नारिंगीतून राणी, राणीतून जांभळा, मग निळा.

त्याहून उपयोगी गोष्ट मला फार उशिरा कळली. रंग जुळतात की नाही यापेक्षा उजळपणा जुळतो का, ते आधी बघावं. लडी ओळीने मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढते. करड्या फोटोत जिथे पायरी दिसते तिथे ड्रेडमध्येही दिसणारच. पिवळा आणि जांभळा दरवेळी इथेच पकडले जातात.

याच टेबलापाशी एखाद्या आजी हमखास विचारतात, "पोरी, जट आली का गं तुला?" मी माझ्या कामाला जट म्हणत नाही. आपल्याकडे जट आली म्हणून मुली यल्लम्माला सोडल्या गेल्या, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही घरोघरी जाऊन, समजावून जटा कापतात. तो शब्द हौसेच्या वस्तूला लावायला माझी जीभ वळत नाही. माझ्या ड्रेड काही आठवड्यांनी सोडवून डब्यात ठेवता येतात, असं त्या आजींना सांगते. त्यांना ते पटतं, डबा मात्र बघायचा असतो.

पूर्ण डोक्याला पन्नास-साठ दुटोकी ड्रेड लागतात. पिंजताना आखूड तंतू गळत राहतात, ते मी उशीच्या जुन्या अभ्र्यात भरून ठेवते. दोन वर्षांचे सगळे रंग त्यात एकत्र झालेत. लांबून तो गोळा वाळलेल्या कढीपत्त्याच्या रंगाचा दिसतो. त्या रंगाची ऑर्डर अजून कुणी दिलेली नाही.