उभ्या फ्रेममधील लेबलांचा गुंता अखेर सुटला

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये चाललेल्या जलचक्राच्या प्रकल्पाची १९२०×१०८० पिक्सेलची आडवी आवृत्ती पूर्ण झाली असून १०८०×१९२० ही उभी आवृत्ती दोन संध्याकाळींत हातावेगळी होईल. त्याला तीन आठवडे लोटले. काल रात्री मात्र सर्वांत चिवट अडचण दूर झाली, आणि देवनागरी मजकूर घेऊन काम करणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी भेटणारच असल्यामुळे ती सविस्तर मांडतो.

सॉफ्टवेअरमधला आभासी कॅमेरा अपेक्षेपेक्षा लवकर मार्गी लागला. १९२० रुंदीच्या कॉम्पमध्ये (कॉम्पोझिशन, म्हणजे दृश्य ज्यात रचतात तो फलक) ५० मिमी कॅमेऱ्याचा झूम, म्हणजे कॅमेऱ्यापासून चित्राच्या प्रतलापर्यंतचे अंतर, २६६६.६७ पिक्सेल असतो. रुंदी १०८० करून झूम तसाच ठेवला, तर डोंगर आणि समुद्र दोन्ही बाजूंनी कापले जातात. कॅमेरा जागेवरून न हलवता झूम १५०० केला आणि संपूर्ण दृश्य रुंदीत बसले, शिवाय वर आकाश मोकळे झाले. कॅमेऱ्याची जागा न बदलल्याने पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळ-दूरचा भासही, तसाच राहिला. त्या मोकळ्या आकाशात ढगांचे दोन थर वाढवताना फार आनंद झाला.

खरा त्रास लेबलांचा होता. प्रत्येक लेबलामागे मजकुराच्या मापाने वाढणारी चौकट आहे आणि चौकटीपासून त्या त्या वस्तूपर्यंत एक बारीक रेषा जाते. उभी कॉम्प उघडताच सर्व रेषा ४२० पिक्सेल डावीकडे आणि ४२० पिक्सेल खाली सरकलेल्या दिसल्या. कारण पाच मिनिटांत सापडले: एक्सप्रेशनमध्ये (लेअरला, म्हणजे चित्रातील एका थराला, जोडलेल्या छोट्या कोडमध्ये) मी फ्रेमचा मध्य म्हणून ९६० आणि ५४० हे आकडे हाताने लिहून ठेवले होते, आणि आता मध्य ५४०, ९६० झाला होता. ते आकडे काढून टू-कॉम्प आणि फ्रॉम-कॉम्प (लेअरमधील जागा कॉम्पच्या मापात आणि कॉम्पमधील जागा लेअरच्या मापात आणणारी सूत्रे) यांची जोडी वापरली, तेव्हा रेषा वस्तूंना अचूक चिकटल्या. दुसऱ्या टोकाला, म्हणजे चौकटीकडे, मात्र त्या चुकतच राहिल्या, आणि प्रत्येक लेबलाची चूक वेगळी होती.

आडव्या आवृत्तीत रेषा चौकटीच्या बाजूला जोडलेल्या असल्याने हा दोष झाकून गेला होता. उभ्या फ्रेममध्ये लेबले वस्तूंच्या डोक्यावर आली, रेषा खालच्या कडेला जोडाव्या लागल्या आणि ती कड प्रत्येक शब्दाला निराळी निघाली. सोर्स-रेक्ट-ॲट-टाइम हे एक्सप्रेशन अक्षरांनी प्रत्यक्ष व्यापलेली जागा मोजते. ‘ढग’ या शब्दाला वर वेलांटी नाही की खाली उकार नाही, त्यामुळे त्याची चौकट बुटकी, ‘भूजल’मधील ऊकार बेसलाइनच्या, म्हणजे अक्षरांच्या तळरेषेच्या, खाली उतरतो, ‘संघनन’चा अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातो, आणि ‘वृष्टी’ तर दोन्हीकडे वाढतो. एके ठिकाणी ‘पाणी’ हा शब्द बदलून ‘बाष्प’ होतो, तिथे वेलांटी नाहीशी होताच चौकटीची वरची कड एका फ्रेममध्ये दणकन खाली येत असे.

मी आधी प्रत्येक लेबलाला स्वतंत्र ऑफसेट, म्हणजे सरकवण्याचे अंतर, देऊन पाहिले, परंतु मजकूर बदलला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. उपाय शेवटी साधा निघाला. पॉइंट टेक्स्टमध्ये, म्हणजे एका बिंदूपासून सुरू होणाऱ्या मजकुरात, पहिल्या ओळीची बेसलाइन लेअरच्या शून्यावर असते, म्हणून उंची मोजण्याची गरजच नाही. सोर्स-रेक्टकडून मी आता केवळ डावी कड आणि रुंदी घेतो. फाँटचा आकार सोर्स टेक्स्ट या मजकुराच्या गुणधर्माच्या स्टाइलमधून वाचतो आणि चौकट बेसलाइनच्या वर त्या आकाराच्या एक पट, तर खाली ०.४ पट ठेवतो. हे गुणक मी वापरतो त्या फाँटसाठी ताडून घेतलेले आहेत. तुम्हाला आपल्या फाँटमध्ये ‘वृष्टी’सारखा शब्द टाकून ते ठरवावे लागतील. सर्व चौकटी एका उंचीच्या झाल्या, शिरोरेषा एका पातळीत आल्या आणि ‘पाणी’चे ‘बाष्प’ होताना चौकटीची वरची कड तसूभरही हलली नाही. तो तुकडा मी कितीतरी वेळा पुन्हा पुन्हा चालवून पाहिला.

फाँटचा आकार कॉम्पच्या रुंदीच्या टक्केवारीत बांधायचा, असे मी ठरवले होते. परंतु हे लिहीत असतानाच त्यातील खोट लक्षात आली. आडव्या फ्रेममधील ६० पिक्सेलचे अक्षर उभ्या फ्रेममध्ये ३३.७५ पिक्सेलचे होईल आणि फोनवर वाचताही येणार नाही. त्याऐवजी रुंदी आणि उंची यांपैकी लहान बाजू धरली, तर १९२०×१०८०, १०८०×१९२०, १०८०×१३५० आणि चौरस या चारही मापांत ती १०८०च येते, म्हणजे अक्षर ६०च राहते, आणि ३८४०×२१६० मध्ये ते आपोआप दुप्पट होते. रेषांची जाडी आणि चौकटीतील मोकळी जागाही याच हिशेबाने बांधणार आहे.

आफ्टर इफेक्ट्ससोबत येणारी स्केल कॉम्पोझिशन ही स्क्रिप्ट (सर्व मापे एकदम बदलणारा छोटा प्रोग्रॅम) १०८० वरून २१६० वर जाण्यासाठी उत्तम आहे. गुणोत्तर बदलायचे असेल तर मात्र तिचा उपयोग नाही, कारण ती सर्व काही एकाच पटीने वाढवते. एक्सप्रेशनमध्ये हाताने लिहिलेले आकडे ती बदलत नाही. लेअर स्टाइल्स ट्रान्सफॉर्मनंतर, म्हणजे लेअरची जागा व आकार बदलल्यानंतर, लागू होत असल्याने मोठ्या आवृत्तीत त्यांतील कडा आणि सावल्याही तपासाव्यात. माप बदलून देणारी एक विकतची स्क्रिप्टही मी आजमावली. तिने माझ्या नेस्टेड, म्हणजे दुसऱ्या कॉम्पच्या आत ठेवलेल्या, कॉम्पची प्रत न करता मूळ कॉम्पच बदलली आणि आडवी आवृत्ती बिघडली. तेव्हापासून प्रत्येक मापासाठी आतल्या कॉम्पच्या प्रती मी स्वतःच करतो.

दोन ओळींची लेबले अजून बाकी आहेत. त्यासाठी ओळी मोजून लीडिंगने, म्हणजे ओळींमधील अंतराने, गुणावे लागेल. ‘भूपृष्ठावरून / वाहणारे पाणी’ या सर्वांत लांब लेबलापासून उद्या सुरुवात करतो.