तुम्ही विचारलंत म्हणून: सबसिडी कुठं जास्त मिळते?

मी महिला आर्थिक विकास महामंडळाची, म्हणजे माविमची, सहयोगिनी आहे, बचत गटांच्या बैठका घेत गावोगाव फिरते. बैठक उठली की कुणीतरी मागं थांबून विचारतंच, "ताई, धंदा टाकायचाय, सबसिडी कुठल्या योजनेत जास्त?"

आधी आकडा सांगते. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे, शहरात २५ टक्के. स्वतःचे ५ टक्के घालायचे, बाकी बँकेचं कर्ज. मात्र अनुदान हातात पडत नाही. बँकेनं कर्ज दिल्यावर ते येतं आणि तीन वर्षं बँकेतच अडकून राहतं. तोवर हप्ता तुमच्याच गल्ल्यातून जायचा. हे ऐकल्यावर बऱ्याच जणींचा चेहरा उतरतो, तरीही मी सांगते. अनुदानावर डोळा ठेवून घेतलेलं यंत्र घरात पडून आहे आणि हप्ता मजुरीतून फिटतोय, अशी घरं मी पाहते आहे. फार वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं, पहिलं कर्ज आपल्या गटातूनच घ्या. व्याज किती ते तुम्हीच ठरवलेलं असतं आणि ते गटातच जमा होतं. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री आपण म्हणतो ना, बँक पुढं तीच बघते. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं १९९२ मध्ये ५०० गटांपासून बँक जोडणी, म्हणजे गटाला बँकेचं कर्ज मिळवून देणं, सुरू केली ती याच व्यवहाराच्या भरवशावर. आज गटाला २० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला याचं मोल विचारा!

आता खरी अडचण. एका गटातल्या बाई उडदाचे पापड करायच्या. माल हातोहात खपायचा, पैसा मात्र उरायचा नाही. आम्ही वही उघडली. डाळ, पापडखार, तेल, पिशव्या सगळं लिहिलेलं. दळणाचे पैसे लिहिलेले नाहीत. बाजाराला जायचं एसटीचं भाडं नाही. मोडलेले पापड घरी खाल्ले, तेही कुठं धरलेले नाहीत. जावेला बरोबर घेऊन दुपारभर लाटायच्या, त्या दोघींच्या मजुरीचा तर रकानाच नव्हता. मी म्हटलं, लिहा. त्या म्हणाल्या, "घरच्या कामाची कसली मजुरी?" पुष्कळ समजावल्यावर लिहिली, तेव्हा कळलं की किलोमागं पदरचेच पैसे जात होते. भाव वाढवला. दोन-चार गिऱ्हाइकं तुटली, बाकीची राहिली. मग त्यांनी जावेला रोज ठरवून दिला. त्या रोजाचा मला आजही फार आनंद आहे.

शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, आहे. राहण्याजेवणासकट प्रशिक्षण मोफत, आणि नंतरही ते पाठपुरावा करतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. माल बऱ्यापैकी फिरू लागला की मुद्रा ही छोट्या धंद्यांची सरकारी कर्ज योजना आहे, तिच्या शिशु या पहिल्या प्रकारात ५० हजारांपर्यंत. त्याच्याही पुढं जायचं झालं तर सुरुवातीला सांगितलेला मोठ्या अनुदानाचा प्रकल्प करा, मी स्वतः तुमच्याबरोबर जिल्हा उद्योग केंद्रात येईन.

एक गोष्ट मी हट्टानं सांगते. नोंदणी, खातं, परवाना बाईच्याच नावावर हवा आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबरही तिचाच हवा. घरच्यांनी जरूर राबावं, माल पोचवावा. पण बँकेचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर जात असेल, तर किती जमा झाले हेही तिला विचारूनच कळणार.

तेव्हा पुढच्या बैठकीला महिनाभराच्या खर्चाची वही घेऊन या. भाव आपण बसून काढू, आणि जमलं तर कर्जमागणीचा ठराव त्याच बैठकीत घालू.